पक्कं म्हटल्याशिवाय

तिचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. समोरच्या बेकरीचं शटर खडखडत वर गेलं की ती उठायची. पाणी भरायचं, डबा करायचा, मुलीचं पांघरूण नीट करायचं आणि मग पायरीवर बसून मनगटांना जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळायच्या. हे काम घाईत होत नाही. पट्टी सैल राहिली तर सरकते, घट्ट बसली तर बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांनी काच उचलण्यापेक्षा खाडा केलेला बरा. उजव्या मनगटाची गाठ ती डाव्या हाताने आणि दातांनी मारायची. मी शेजारच्या खोलीत राहायचे. माझ्या पट्ट्या झाल्या की मी मधल्या भिंतीवर थाप मारायचे. तिची थाप आली की दोघी निघायचो. नाही आली तर थांबायचं. तिचं आवरलंच असेल असं धरून मी कधी दाराबाहेर पाऊल टाकलं नाही.

काचेच्या गोदामात तिला सगळे पक्की म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं.

काचेचं मोठं तावदान एकट्याने उचलायची वस्तू नाही. माणसाहून उंच, दोन हात पसरले तरी न पुरणारं, आणि कडा अजून घासलेल्या नसतात, म्हणजे सुरीच. तावदानं उघड्या लाकडी घोडीला टेकून तिरपी उभी असतात. जोडीतली एक घोडीच्या मागे जाते, एक पुढे उभी राहते. मागची तावदान रेटून सरळ करते, पुढची ते तळव्यांवर घेते. मध्ये काच. समोरचीचा चेहरा स्वच्छ दिसतो, घामाचा थेंब कुठून कुठे गेला तेही दिसतं. तरी चेहऱ्यावर जायचं नाही. पुढची म्हणते, “धरलं.” मागची विचारते, “पक्कं?” पुढची अंगठे बसवते, पाठ सरळ करते, वजन पायांवर घेते आणि मग म्हणते, “पक्कं.” त्यानंतर मागची “सोडते” म्हणते आणि हात काढते. “धरलं” आणि “पक्कं” यांच्यामध्ये जे काय होतं तेच आमचं कसब. बाकी ओझं वाहणं आहे, ते जनावरही करतं.

तिचं “पक्कं” आलं की मुकादम मान वर न करता पुढची गाडी पुकारायचा. म्हणून पक्की.

“मला वाटलं” हे गोदामात बोलायचं नाही. नवा गडी आला आणि म्हणाला, “मला वाटलं तुम्ही तयार आहात,” की मुकादम म्हणायचा, “वाटायचं असेल तर घरी जा आणि पाटा-वरवंटा घेऊन बस. इथे विचारायचं.” सगळे हसायचे. हसणं तेवढ्यापुरतंच, कारण पक्कीचा नवरा याच गोदामात गेला. तो पुढे होता, त्याच्या जोडीदाराने मागून सोडलं. चौकशीला बसवल्यावर तो जोडीदार तेवढंच बोलत राहिला, “मला वाटलं त्यानं धरलंय.”

पक्की तेव्हा पोटुशी होती. बाळंत होऊन उठली आणि नवऱ्याच्या जागी कामाला लागली. माझी आधीची जोडीदारीण काम सोडून गेली होती, म्हणून मुकादमाने तिला माझ्यासमोर उभं केलं. मी उंच, म्हणून मला लंबू म्हणतात. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “लंबू, तू म्हटल्याशिवाय मी सोडणार नाही. मी म्हटल्याशिवाय तू सोडायचं नाही.”

“आणि मी शिंकले तर?”

“शिंकून झाल्यावर म्हण.”

गल्लीत सगळी काचवाल्यांचीच घरं होती. गोदामातली शिस्त पट्ट्यांबरोबर घरी यायची. एखादं पोर म्हणालं, “काका रागावलेत,” तर त्याची आई म्हणायची, “काका म्हणाले तसं? नाही ना? मग दिसलं काय ते सांग.” पोर सांगायचं, “काकांनी ताट सरकवलं.” एवढं पुरे. ताट का सरकवलं ते काका सांगतील. नाही सांगितलं तर त्यांचं त्यांच्यापाशी. दुसऱ्याच्या मनातलं आपण बोलणं म्हणजे न विचारता त्याच्या पेटीत हात घालणं. आमच्या बायका भांडणात एकमेकींना चोर म्हणतील, झिंज्या धरतील, पण “तुझ्या मनात काय आहे ते कळतं मला” असं म्हणणार नाहीत. ते बोलणं शिवीच्या पलीकडचं.

म्हणून पोरं आंधळी होती असं नाही. पक्कीच्या मुलीला आम्ही बारकी म्हणायचो. पाच वर्षांची असताना एकदा मी कामावरून येऊन पायरीवर बसले. तिने माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि वाटीत गरम पाणी घेऊन आली. म्हणाली, “मावशी, तुझा अंगठा आज खाली लोंबतोय.” अंगठा दुखावला होता, मी कुणाला बोलले नव्हते. समोरच्या म्हाताऱ्याचा उजवा हात आखडला तेव्हा ती त्याला पाणी द्यायची ते कपाचा कान त्याच्या डावीकडे करून. कुणी शिकवलं नव्हतं. “आजोबांना त्रास होतो” असं ती एकदाही बोलली नाही. कान फिरवायची आणि पळायची.

गल्लीतला पहिलीचा वर्ग बंद झाला आणि बारकीला पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत घातलं. गल्लीतली इतर पोरं वरच्या वर्गांत होती, पहिलीत ती एकटीच. दोन-तीन महिने गेले आणि वर्गाच्या बाईंनी पक्कीला बोलावलं. बाई बोलायला मऊ होत्या. म्हणाल्या, बारकी अक्षरं चांगली काढते, पण गोष्ट सांगितली आणि विचारलं, सशाला काय वाटलं असेल, की गप्प. इतर मुलं हात वर करून करून खांदे दुखवतात, ही पायाकडे बघते. तपासून घेऊ या. शाळेत एक तज्ज्ञ बाई येतात.

जोडीतली एक रजेवर गेली की दुसरीचाही खाडा पडतो. त्यामुळे त्या दिवशी मीही गेले. आम्ही दोघी ओट्यावरच्या बाकावर बसलो. खिडकी उघडी होती. आत टेबलावर दोन बाहुल्या, एक उशी, एक बूट, एक कंगवा. आम्ही त्या बाईंना मागाहून बाहुलीवाल्या बाई म्हणायला लागलो.

त्यांनी निळ्या बाहुलीकडून कंगवा उशीखाली ठेववला आणि निळीला दाराबाहेर नेलं. मग लाल बाहुलीने कंगवा काढून बुटात टाकला. निळी परत आली.

“आता ही कंगवा कुठे शोधेल?”

“तिला विचारा,” बारकी म्हणाली.

“ती बाहुली आहे ना, बोलत नाही.”

“मग तिला वाटतही नाही.”

माझ्या बाजूला पक्की हसली. आवाज न करता, खांदे हलले तेवढेच.

“बरं. समज, वाटतं. तिला काय वाटतं, कंगवा कुठे आहे?”

बारकी पायाकडे बघायला लागली.

“अंदाज सांग. चुकला तरी चालेल.”

चुकला तरी चालेल असं वाक्य त्या मुलीने जन्मात ऐकलं नव्हतं. मी तरी तिच्यासमोर कुणाला बोलताना ऐकलं नाही.  ती म्हणाली, “कंगवा बुटात आहे.” जे पाहिलं ते सांगितलं.

बाईंनी बाहुल्या बदलल्या, कंगव्याच्या जागी चमचा आणला, पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग पिशवीतून चित्रं बाहेर काढली. मान खाली घातलेला एक माणूस. “याला काय होतंय?” बारकी म्हणाली, “मान वाकलीय. एक बूट सुटलाय.” बूट सुटला होता हे मला नंतर चित्र दाखवलं तेव्हा दिसलं.

मग पक्कीला आत बोलावलं. मी दारात उभी राहिले.

“घरी तुम्ही हिच्याशी बोलता का?”

“बोलते की.”

“म्हणजे असं, की मावशीला वाईट वाटलं असेल, काका रागावले असतील. कुणाच्या मनात काय चाललंय, याबद्दल?”

“ते मी कसं बोलू? ज्याचं त्यानं बोलावं.”

“मुलांना त्या बोलण्यातूनच कळत जातं. बरं, तुम्ही थकून आलात की हिला समजतं?”

पक्कीने उत्तर दिलं नाही. समजतं म्हणायचं तर बारकीच्या मनातलं बोलावं लागलं असतं. मीही त्या खुर्चीत गप्पच बसले असते.

“आता या क्षणी तुमच्या मुलीला काय वाटत असेल?”

“तिनं सांगितलं की कळेल.”

बाहुलीवाल्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, दुसऱ्याला आपल्याहून वेगळं काही वाटू शकतं हे या वयात कळायला लागतं, हिला कळत नाही, आणि घरून मदत होईलसं दिसत नाही. डोंगरापलीकडे सावकाश शिकणाऱ्या मुलांची शाळा आहे. राहणं-जेवण तिथेच. सुट्टीत घरी. वर्ष संपायच्या आत एकदा पुन्हा तपासू. तेव्हा उत्तरं आली तर इथेच राहील, नाही आली तर तिकडे.

पुलावरून परत येताना पक्की म्हणाली, “तिकडे पाठवणार नाही मी.” थोड्या वेळाने म्हणाली, “लंबू, ते बोलायला शिकवायला पाहिजे.”

“कोण शिकवणार? तुला येतं?”

“नाही. तुला?”

“मला कुठून?”

बारकी पुढे चालत होती. पुलाचा कठडा मोजत.

दुसऱ्या दिवसापासून कामावरून आलं की शिकवणी. पक्कीने दोन बाटल्यांना फडकी गुंडाळून बाहुल्या केल्या. उशी होती, कंगवा होता, बूट माझा. सुरू करायच्या आधी ती उठली आणि दार लावलं, मग खिडकी.

“दार कशाला लावतेस? उकडतंय.”

“बाहेर ऐकू जाईल.”

“वाईट काही बोलणार आहेस का?”

“तूच बोल मग आधी,” ती म्हणाली.

मी बाटली हातात घेतली. तोंड उघडलं आणि हसू आलं. पक्कीला आलं. बारकी आम्हा दोघींकडे बघत राहिली. शेवटी पक्कीने भिंतीकडे तोंड केलं आणि एका दमात म्हणाली, “हिला वाटतं कंगवा उशीखाली आहे.”

“आई,” बारकी म्हणाली, “तू बोललीस.”

“बोलले. आता तू बोल.”

बारकीने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

असे कितीतरी दिवस गेले. तावदान उचलून आलेले हात बाटल्या नाचवत होते. मी सांगते, काच वाहणं त्याहून सोपं. काचेला निदान वजन असतं, ते कुठे घ्यायचं कळतं. पक्की रोज तेच वाक्य बोलायची, वीसदा, तीसदा, जांभई आवरत. पोरीवर हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. बाटल्यांनी भागेना तेव्हा खिडकी किलकिली करून ती बाहेरची माणसं दाखवायला लागली.

“तो बघ टपालवाला. त्याला काय वाटत असेल?”

एका संध्याकाळी बारकी म्हणाली, “त्याला वाटत असेल, हा चढ कुणी केला.”

पक्की हसता हसता खाली बसली. मुलीला तिने जवळ ओढलं. त्या दिवसापासून बारकीचं तोंड उघडलं. कुत्र्याला काय वाटतं, बेकरीवाल्याला काय वाटतं, मावशीला काय वाटतं. तिला ते जमत होतं, आणि नुसतं जमत नव्हतं, बाणासारखं लागत होतं. पूर्वी ती कान फिरवून पाणी द्यायची. आता ती म्हाताऱ्याला म्हणाली, “आजोबा, तुम्हाला हाताची लाज वाटते.” म्हातारा त्यानंतर पायरीवर बसेनासा झाला.

कोपऱ्यावरची वहिनी दारात आली. “पक्के, तुझी पोरगी म्हणते मला तुझा हेवा वाटतो.”

“शाळेचा अभ्यास आहे, वहिनी.”

“मला हेवा वाटतो की नाही ते मी ठरवीन. तिची शाळा कोण?”

“थोडे दिवस सांभाळून घ्या.”

“सांभाळते. पण आमच्या पोरांत पाठवू नकोस तिला.”

पक्कीने पाठवलं नाही. बारकी घरात राहायला लागली आणि खिडकीतून माणसं बघायला लागली.

सवय अशी एका जागी राहत नाही. पक्की वाटेत बोलायला लागली. “मुकादमाचा डोळा सुजलाय बघ. बायकोला वाटत असेल…” आणि जीभ चावायची. मी म्हणायचे, “पाटा-वरवंटा घरी.” ती म्हणायची, “परीक्षा होऊ दे, मग तोंडाला कुलूप.” परीक्षा आठवड्यावर आली होती.

त्या दिवशी सकाळी ती घोडीच्या मागे होती, मी पुढे. तावदान जाड होतं, दुकानाच्या दर्शनी काचेचं. तिने रेटून सरळ केलं. मी म्हणाले, “धरलं.” कडा हातात रुतू नयेत म्हणून तळव्याला चामड्याचा तुकडा बांधतो, तो माझ्या डाव्या हातावर सरकला होता आणि मी अंगठ्याने ओढून बसवत होते. काचेतून ती माझ्याकडे बघत होती. मीही तिच्याकडे बघत होते. “पक्कं?” तिने विचारलं नाही. “पक्कं” मी म्हटलं नाही. तिने हात काढले.

वजन एकदम अंगावर आलं आणि डावीकडून निसटलं. पडत्या काचेला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. काच पडू द्यायची आणि मागे उडी मारायची. पक्कीने घोडीतून हात घातला आणि कड धरली. काच माझ्या पायावर पडायची ती बाजूला फुटली. मला ओरखडा नाही. तिच्या उजव्या मनगटाची पट्टी जागेवर होती, गाठसुद्धा सुटली नव्हती. काच पट्टीच्या खाली, तळव्याच्या मुळाशी गेली.

मी आणि मुकादमाने तिला माल न्यायच्या गाडीत घातलं. वाटेत ती एकदाच बोलली. “मला वाटलं तू धरलंस.”

मुकादम बाहेर बघायला लागला. हे वाक्य त्यानेही पूर्वी ऐकलेलं होतं.

शिरा जोडल्या. दोन बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाला, मिटणार नाहीत.

परीक्षेच्या दिवशी पक्की त्याच बाकावर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. खिडकी उघडी होती. बाहुल्या त्याच. निळी परत आली. “ही कंगवा कुठे शोधेल?”

बारकी म्हणाली, “उशीखाली. तिला माहीत नाही ना बदललेलं. तिला वाटेल, मी ठेवला तिथेच असेल. आणि लाल बाहुलीला वाटतंय, आपण पकडले जाऊ.”

“हे तर मी विचारलंच नाही,” बाहुलीवाल्या बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. मान वाकलेल्या माणसाचं चित्र त्यांनी पुढे केलं. “त्याला वाटतंय, घरी गेलो नाही तर बरं,” बारकी म्हणाली. सुटलेल्या बुटाबद्दल ती काही बोलली नाही.

बाई बाहेर आल्या आणि पक्कीचा डावा हात हातात घेऊन म्हणाल्या, “केवढी मेहनत घेतलीत तुम्ही. ती इथेच राहील.” त्या मनापासून बोलत होत्या की नाही ते मी सांगू शकत नाही. हात त्यांनी बराच वेळ धरून ठेवला होता.

शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना बारकी थांबली. आईच्या गळ्यातल्या हाताकडे बघत म्हणाली, “तुला वाटतं, हात माझ्यामुळे गेला.”

पक्की म्हणाली, “मी तसं म्हटलं नाही.”

आमच्या गल्लीत हे पुरेपूर उत्तर होतं. जे म्हटलं नाही ते नाही, विषय संपला. याहून भक्कम “नाही” आमच्याकडे नव्हतं. पण ती मुलगी आता आमच्या गल्लीतली कुठे राहिली होती? चार महिने दार लावून आम्हीच तिला शिकवलं होतं की माणूस म्हणतं एक आणि आत असतं दुसरं. तिने आईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, जसं ती खिडकीतून टपालवाल्याकडे बघायची. मग पुढे चालायला लागली. पुलावर तिने कठडा मोजला नाही.

पक्कीला तावदान परत उचलता आलं नाही. मुकादमाने तिला फुटक्या काचा निवडायला बसवलं: पांढऱ्या वेगळ्या, रंगीत वेगळ्या, धुऊन भट्टीसाठी टोपल्या भरायच्या. निम्मा पगार. त्या कामात पाठ मोडते आणि कुणी जोडीदार नसतो, त्यामुळे दिवसभरात एक शब्द बोलावा लागत नाही. मला नवी जोडीदारीण दिली. भिंतीवरची थाप आम्ही बंद केली नाही.

बारकी हुशार निघाली. ज्या शाळेतून तिला काढणार होते तिथे पहिल्या पाचात यायला लागली. पक्कीचा पगार तिच्या फीला, गणवेशाला, मग पुढच्या शिक्षणाला, मग मोठ्या शहरातल्या तिच्या खोलीच्या भाड्याला गेला. घरात कधी मोठा आवाज झाला नाही. मी शेजारच्या भिंतीपलीकडे असायचे, झाला असता तर ऐकू आला असता. ऐकू यायचं ते एवढंच.

“तुला वाटतं मी लांब जाऊ नये.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“म्हणायला कशाला पाहिजे?”

मग भांड्यांचा आवाज.

एकदा मी बारकीला अडवलं. म्हणाले, “अगं, तुझी आई जे म्हणते ते धर ना.”

ती म्हणाली, “मावशी, तुला वाटतं मी तिच्यावर अन्याय करते.”

“मी काय म्हणाले ते ऐकलंस का तू?”

“ऐकलं. आणि तुला काय म्हणायचं होतं तेही कळलं.”

तिच्याशी बोलायचं म्हणजे आपल्या तोंडातला घास दुसऱ्याने चावून द्यावा तसं. 

तिला एका मोठ्या कचेरीत नोकरी लागली. लोक गाऱ्हाणी घेऊन येतात, त्यांच्यासमोर ती बसते. माणूस खुर्चीत टेकायच्या आत तिला त्याचं दुखणं कळतं, असं तिथला एक जण सांगत होता. वरिष्ठ तिच्यावर खूश होते. सुट्टीला ती यायची, मग वर्षाआड, मग पैसे यायचे. पैसे पक्कीने कधी मोडले नाहीत.

पक्कीचं वय झालं आणि गोदामाने तिला रजा दिली. शेवटचा पगार घेऊन ती माझ्याकडे आली, चहाला नको म्हणाली, दार लावलं आणि खिडकीही लावली.  त्या शिकवणीनंतर इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी बोलायला म्हणून दार-खिडकी कधी लावली नव्हती.

“लंबू, तिला काय वाटत असेल गं?”

मी काय सांगणार? मला एकच उत्तर येतं. म्हणाले, “तिला विचार.”

“विचारू?”

“जाऊन विचार. आणि तुझं तू सांग. तिनं ओळखायच्या आधी सांग.”

“मी सांगितलं नाही का कधी?”

“तसं म्हटलं नाही, एवढंच म्हणालीस.”

ती भिंतीकडे बघत बसली. उजव्या हाताची दोन बोटं सरळच्या सरळ मांडीवर. मग उठली, मला तिच्या खोलीत घेऊन गेली आणि आठवडाभर पुरतील इतके कपडे माझ्यासमोर पिशवीत भरले. डाव्या हाताने आणि दातांनी पिशवीच्या बंदाची गाठ मारली. पहाटे बेकरीचं शटर वर गेलं तेव्हा भिंतीवर थाप आली. मी उलट थाप मारली. ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर पुन्हा थाप आली.

मी गेले. पिशवी दाराशी होती, गाठ तशीच. ती पायरीवर बसली होती, जिथे पट्ट्या गुंडाळायची तिथे.

“विचारलंस?”

“विचारलं.”

“मग?”

“म्हणाली, विचारतेस कशाला, मला लहानपणापासून माहीत आहे तुला काय वाटतं ते.”

“आणि तू सांगितलंस तुझं?”

“सांगितलं. म्हणाले, हात तुझ्यामुळे गेला नाही. मी विचारलं नाही म्हणून गेला. मला असं एक दिवससुद्धा वाटलं नाही, असं तोंडाने म्हणाले, लंबू. तिच्यासमोर उभं राहून.”

“मग?”

पक्कीने बंदाची गाठ सोडायला घेतली. डाव्या हाताला ती सुटेना. मी हात पुढे केला, तिने मान हलवली, म्हणून मी थांबले.

“म्हणाली, आई, तू असं म्हणतेस. पण तुला तसं वाटत नाही.”

शेवटच्या पगारात आलं ते एवढंच: जायचं तिकीट, आणि त्याच दिवशीचं परत यायचं.